आरसा किती प्रकाश गिळतो?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येणाऱ्याने काही भव्य विषय आणावा अशी आपल्याकडे रीत आहे. आम्ही मात्र आपल्यापुढे एका टक्क्याची हकीकत घेऊन उभे आहोत, आणि तो टक्काही पुष्कळदा पुरता भरत नाही. कार्यक्रमपत्रिकेत विषयाचे नाव 'धातूच्या आरशांकडून होणारे अवरक्त लेसर-प्रकाशाचे शोषण व त्याचे मापन' असे छापले आहे. ते वाचून कोणी घरीच थांबले असेल तर त्याला आम्ही बोल लावणार नाही. साध्या मराठीत विषय इतकाच, की आरशावर पडलेल्या प्रकाशातला बहुतेक प्रकाश परत फिरतो, थोडा आरसा स्वतः गिळतो. तर हा गिळलेला घास मोजायचा कसा, आणि तो मोजण्याची एवढी यातायात कशासाठी?

प्रथम कोणत्या प्रकाशाबद्दल आपण बोलत आहोत ते पाहू. १८०० साली विल्यम हर्षल या ज्योतिर्विदाने इंग्लंडमध्ये सूर्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा रंगपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश. चुलीसमोर बसले की अंगाला जी धग लागते ती मुख्यतः याचीच. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर सुमारे पाऊण मायक्रॉनच्या आत असते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजच्या आमच्या विषयातल्या लेसरची लहर १०.६ मायक्रॉनांची आहे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या पंधरा-वीसपट लांब.

या लेसरचे आपल्या मुलखाशी एक नाते आहे. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून काढला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर-प्रकाश मिळविणारे शास्त्रज्ञ होते कुमार पटेल. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. त्यांच्या पहिल्या लेसरची शक्ती अगदीच क्षुल्लक होती. पण त्या वायूत नायट्रोजन आणि हेलियम मिसळण्याची युक्ती साधली आणि थोड्याच वर्षांत ही शक्ती शेकडो, मग हजारो वॉटांवर गेली. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही अशा मोठ्या शक्तीचे लेसर बांधले गेले. आपल्या गावात नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे आणि लग्नपत्रिकांवरची नाजूक जाळी कापून देणारी जी यंत्रे आली आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात याच वायूची काचेची नळी असते.

आता ही प्रकाशशलाका नळीतून निघाली की तिला वळवून, फिरवून कामाच्या जागी न्यावी लागते. काचेच्या भिंगाचा येथे उपयोग नाही. आपल्या चष्म्याची काच आपल्याला पारदर्शक. या प्रकाशाला ती दगडी भिंतीसारखी. झिंक सेलेनाइडसारखी पिवळसर, महागडी भिंगे वापरता येतात, पण शलाका वळविण्याचे काम आरशानेच करावयाचे, आणि तो आरसाही घरच्यासारखा चालत नाही. घरच्या आरशात चकाकी काचेच्या पाठीमागे असते. येथे काच आडवी येताच सगळा खेळ संपला. म्हणून धातूच पुढे ठेवायचा. तांब्याची चकती हिऱ्याच्या टोकाने लेथवर अशी कातायची की ओरखडा दिसू नये. कधी मॉलिब्डेनम नावाचा कठीण धातू घासून गुळगुळीत करायचा, तर कधी सिलिकनच्या चकतीवर सोन्याचा पातळ लेप चढवायचा. असे आरसे या प्रकाशाचे सुमारे अठ्ठ्याण्णव ते साडेनव्व्याण्णव टक्के परत फिरवितात.

नव्व्याण्णव टक्के! परीक्षेत इतके गुण पडले तर आपण पेढे वाटू. मग तक्रार कसली?

तक्रार अशी. कारखान्यातल्या एक हजार वॉटांच्या लेसरपुढे आपण आरसा धरला आणि त्याने एक टक्का गिळला, तर त्या आरशात दहा वॉटांची उष्णता जिरते. दहा हजार वॉट असतील तर शंभर वॉट, म्हणजे तळहातावर मावेल एवढ्या चकतीत जुन्या शंभराच्या दिव्याची सगळी शक्ती. आरसा तापतो, तापला की फुगतो. आणि तो सगळीकडे सारखा फुगत नाही, शलाका जिथे पडते तिथे मध्यभागी अधिक फुगतो. सपाट आरशाला पोट सुटले की तो सपाट राहिला नाही. त्यावरून फिरलेली शलाका हव्या त्या बिंदूवर नीट एकवटत नाही, आणि पोलादात जिथे केसासारखी चीर हवी तिथे वितळलेली खाच पडते. तापलेल्या धातूचे शोषणही वाढते, हे आणखी वाईट.

बाजारात दोन आरसे आहेत असे समजा. दोन्हींच्या माहितीपत्रकात 'नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक परावर्तन' असे छापले आहे. एकाचे खरे परावर्तन ९९.५ आणि दुसऱ्याचे ९९.०५. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच उत्तम. परंतु पहिला अर्धा टक्का गिळतो, दुसरा जवळजवळ एक. म्हणजे दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट तापणार! परत किती गेले याच्या अंकाला भुलून राहिलेल्याकडे पाहिले नाही, तर गिऱ्हाईक फसते आणि विकणाऱ्याने खोटेही बोललेले नसते.

मग राहिलेले कसे मोजायचे? सरळ मार्ग असा सुचतो, की किती प्रकाश आला ते मोजावे, किती परत गेला ते मोजावे आणि वजाबाकी करावी. शाळकरी पोरही हे सांगेल. पण या वजाबाकीत एक खोड आहे, आणि ती समजली की आजचे अर्धे व्याख्यान झाले.

साखर कारखान्याचा वजनकाटा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. उसाची भरली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि दोहोंतील फरक म्हणजे ऊस. येथे वजाबाकी चोख चालते, कारण ऊस गाडीइतकाच, किंबहुना गाडीहून भारी असतो. काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे झाला तरी हिशेब फारसा बिघडत नाही. पण कोणी म्हणेल की याच काट्यावर गाडीवानाच्या पटक्याचे वजन काढू, पटका घालून एकदा आणि काढून एकदा, तर काय होईल? काट्याची जी चूक असेल ती पटक्याच्या वजनाच्या कितीतरी पट असेल. कधी पटका वीस किलोंचा भरेल, कधी उणे पाच किलोंचाही भरेल.

आरशाचे तंतोतंत हेच आहे. परावर्तन मोजताना अगदी काळजीने केले तरी शंभरात पाव-अर्धा टक्का चूक सहज राहते. ज्या आरशाचे शोषण ०.८ टक्के आहे त्याचे उत्तर मग कधी ०.५ येते, कधी १.१. पाव टक्क्याची चूक परावर्तनाच्या दृष्टीने किरकोळ. शोषणाच्या दृष्टीने ती तिसरा हिस्सा आहे. तेव्हा पटका काढून सोनाराच्या तराजूत घालावा, हाच उपाय. आरशाने गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते ना? मग ती उष्णताच मोजू. परत फिरलेल्या नव्व्याण्णवांशी आपल्याला कर्तव्य नाही.

हा विचार लेसरच्याही आधीचा आहे. १८०४ साली जॉन लेस्ली यांनी दाखवून दिले होते की उकळत्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या चौकोनी डब्याची काजळी लावलेली बाजू भरपूर धग फेकते आणि चकचकीत बाजू फार थोडी फेकते. पुढे १८५९-६० च्या सुमारास किर्खोफ यांनी त्यातला नियम मांडला, की जो पृष्ठभाग जितका शोषतो तितकाच तो तापल्यावर उत्सर्जित करतो. घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्याच्या भांड्यातले पाणी काजळलेल्या भांड्यातल्या पाण्यापेक्षा सावकाश निवते, त्यातही या नियमाचा वाटा आहे.

१९०३ साली जर्मनीत हागेन आणि रुबेन्स या दोघांपुढे हाच पटक्याचा प्रश्न होता. लांब लहरींच्या अवरक्त प्रकाशात धातूंचे परावर्तन शंभराच्या इतके जवळ जाते की वजाबाकी फसते. तेव्हा त्यांनी परावर्तनाचा नाद सोडला. धातू १७० अंशांपर्यंत तापवून तो २५.५ मायक्रॉनांच्या लहरीत किती उत्सर्जन करतो ते मोजले, काळ्या पदार्थाच्या उत्सर्जनाशी ताडून पाहिले, आणि किर्खोफच्या नियमाने शोषण मिळविले. आम्हाला या प्रयोगाचे कौतुक वाटते ते त्याच्या उत्तरासाठी तर आहेच, पण त्याहून अधिक या सरळ बुद्धीसाठी आहे.

त्यांचे उत्तर असे, की धातू जितका विजेचा चांगला वाहक तितके त्याचे शोषण कमी; आणि संबंध इतका नेटका की विजेचा रोध ठाऊक असला तर शोषण कागदावर काढता यावे. कारण असे की धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लहर म्हणजे विजेच्या बलाची हेलकावणी. ती आली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात, आणि त्यांच्या त्या हलण्यातूनच परत फिरणारा प्रकाश निर्माण होतो. हलता हलता एखादा इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरणाऱ्या अणूंवर आदळला, की त्याची थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तिथेच सांडते. ही सांडलेली ऊर्जा म्हणजे आपला एक टक्का. तांबे, चांदी, सोने यांत सांडलवंड कमी, म्हणून विजेच्या तारांना जे धातू चांगले तेच या आरशांनाही चांगले.

पण कागदावरचा हिशेब आणि हातातला आरसा यांत अंतर राहते. हागेन-रुबेन्स यांच्या सूत्रात तांब्याचा रोध आणि १०.६ मायक्रॉन घातले तर शोषण सुमारे दीड टक्का येते. चांगल्या तांब्याच्या आरशाचे शोषण प्रत्यक्षात एका टक्क्याच्या आसपास, कधी त्याहून कमी भरते. याचे कारण असे, की या प्रकाशाचे बल सेकंदाला सुमारे २८ लाख कोटी वेळा हेलकावते, आणि तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या मध्ये जेवढा वेळ मोकळा धावतो त्याच्याशी हा वेग जाऊन भिडतो. टक्कर होण्याच्या आतच हेलकाव्याची दिशा उलटते, आणि लांब लहरींसाठी केलेले सूत्र येथे लंगडे पडते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरही आपटतात; त्याची भर निराळीच.

शिवाय हा प्रकाश धातूत शिरतो तरी किती? मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यांतल्या दोन-तीन भागांइतका. एवढ्या कातडीतच सगळा व्यवहार. घासताना, कातताना धातूची जी घडी विस्कटते ती नेमकी याच कातडीत. म्हणून एकाच तांब्याच्या एकाच कांडीतून कापलेल्या दोन चकत्या, एक नीट कातलेली आणि एक रगडून घासलेली, निरनिराळे शोषण दाखवितात. पुस्तकातील कोष्टक तांब्याचे असते, आपल्या हातातल्या आरशाचे नसते. तेव्हा प्रत्येक आरशाला तराजूत बसविणे आले.

हा तराजू दिसायला फार साधा आहे. पंचवीस मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची चकती घेऊ, साधारण जुन्या रुपयाएवढी. तिचे वजन सुमारे तेरा ग्रॅम, आणि तिचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे पाच ज्यूल उष्णता लागते. ही चकती दोन-तीन बारीक टेकूंवर अशी ठेवायची की टेकूवाटे उष्णता निसटू नये. तिच्या पाठीला थर्मोकपल चिकटवायचे; दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या की ते तयार होते, आणि सांधा तापला की त्यात अंशागणिक विजेचा अत्यल्प दाब निर्माण होतो, कामाच्या थर्मोकपलांत सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. सगळे एका बंद पेटीत ठेवायचे, कारण पंख्याची झुळूकच काय, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा मापात उतरते.

मग पन्नास वॉटांची शलाका तीस सेकंद आरशावर सोडायची. एकूण आले दीड हजार ज्यूल. तापमान २.४ अंशांनी वाढले असे समजा. म्हणजे आरशाने बारा ज्यूल गिळले. दीड हजारात बारा म्हणजे ०.८ टक्का. झाले मापन! लेसरची शक्ती मोजताना पाच टक्के चूक झाली तरी उत्तर ०.८ चे ०.७६ किंवा ०.८४ होईल, ०.५ किंवा १.१ कधीच होणार नाही. चूक आता लहान अंकाची पाच टक्के आहे, मोठ्या अंकाची नाही. सोनाराचा तराजू तो हाच.

सांगताना सोपे वाटते. खरे काम नंतर सुरू होते. तीस सेकंदांत आरसा तापत असतानाच निवतही असतो. म्हणून शलाका सोडण्याच्या आधी काही मिनिटे तापमान नोंदवीत राहायचे, म्हणजे पेटी आपण होऊन तापते की निवते ते कळते. आणि शलाका बंद केल्यावरही बराच वेळ नोंद चालू ठेवायची. निवण्याची जी वक्ररेषा मिळते तिच्यावरून तापत असताना किती उष्णता निसटली तेही काढता येते. आमच्या या चकतीत ती दोन-चार टक्क्यांच्या घरात असते. ज्यांना याहून खात्री हवी ते चकतीला एक बारीक विजेची तार जोडून ठाऊक असलेली उष्णता तिला देतात आणि लेसरच्या नोंदीशी ताडतात. मग चकतीचे वजन आणि विशिष्ट उष्णता यांवर विसंबावे लागत नाही. या साऱ्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९७ साली 'आयएसओ ११५५१' या क्रमांकाने मानकाचे रूप दिले. त्याच्या पुढील आवृत्त्याही निघाल्या. आता विकणारा आणि घेणारा एकाच भाषेत बोलू शकतात.

परंतु मानकाचा कागद पुढे असला तरी तीन चोर आत शिरतातच. शलाकेची कड आरशाच्या काठावर सांडली तर काठ खरबरीत असल्यामुळे तो भरमसाट गिळतो आणि दोष आरशाच्या तोंडावर येतो. म्हणून शलाका चकतीहून बरीच लहान ठेवायची. दुसरे, इकडेतिकडे उधळलेला प्रकाश थर्मोकपलवर पडला तर तेच तापते आणि आरसा न तापता आकडा वाढतो. त्याला सावलीत ठेवले पाहिजे. तिसरा चोर म्हणजे परत फिरलेला प्रकाश. पन्नासांतले साडेएकोणपन्नास वॉट कुठेतरी गेलेच ना? ते पेटीच्या भिंतीवर आपटून परत आरशावर आले, की हिशेब चुकला. त्यांना बाहेर काढून काळ्या, पाण्याने थंड राखलेल्या नळकांड्यात जिरवावे लागते.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. ही परत फिरलेली शलाका दिसत नाही. कागदावर पडली तर कागद पेटतो, डोळ्यावर पडली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. साधे पारदर्शक अॅक्रिलिक तिला अडवते, म्हणून चांगल्या यंत्रांना त्याचे झाकण असते. झाकण उघडे ठेवून यंत्र चालविणाऱ्या तरुण कारागिरांना आमची विनंती आहे, की प्रकाश दिसत नाही याचा अर्थ तो तिथे नाही असा घेऊ नये.

कोनाचाही प्रश्न आहे. यंत्रात आरसा बहुधा पंचेचाळीस अंशांत तिरपा बसवितात, शलाका काटकोनात वळावी म्हणून. प्रकाशाच्या लहरीचे कंपन आरशाच्या पृष्ठभागाला समांतर असेल तर तिरपा आरसा समोरून गिळतो त्याच्या सुमारे सात-दशांशच गिळतो; कंपन त्याला काटकोनात फिरवले तर तोच आरसा जवळजवळ १.४ पट गिळतो. एकच आरसा, एकच लेसर, एकच कोन, आणि नुसते कंपन फिरले की शोषण दुप्पट! कोन आणि कंपन न सांगता दिलेला शोषणाचा आकडा म्हणजे गावाचे नाव न घालता टाकलेले पत्र.

आता पुन्हा आपल्या बाजारपेठेत येऊ. पाट्या कापणाऱ्या यंत्रात सामान्यतः तीन आरसे असतात. लाकूड, अॅक्रिलिक, चामडे जळते, त्याचा धूर उठतो आणि तेलकट थर होऊन आरशावर बसतो. तेल, बोटांचा घाम, धुळीचा कण हे सगळे या १०.६ मायक्रॉनांच्या प्रकाशाला काजळीसारखेच. आरशाचे शोषण एकावरून तीन टक्क्यांवर गेले तरी डोळ्यांना तो पूर्वीइतकाच लखलखीत दिसतो. तिन्ही आरसे असे झाले तर कामाच्या जागी पोहोचणारी शक्ती शंभरातल्या सत्त्याण्णवांवरून एक्क्याण्णवांवर येते. मालकाला वाटते नळी म्हातारी झाली, आणि तो शक्ती वाढवितो. वाढलेली शक्ती त्या मळक्या ठिपक्यात अधिक उष्णता ओतते, ठिपका जळून काळा पडतो, काळा पडला की आणखी गिळतो. एके दिवशी आरशावर भाजल्याचा डाग उमटतो आणि आरसा कायमचा गेला. दुकानदाराजवळ प्रयोगशाळेची पेटी नसते, पण दिवसाचे काम संपल्यावर यंत्र बंद करून आरशाची पाठ हाताला कितपत गरम लागते, तीन आरशांतला कोणता जास्त गरम लागतो, एवढे तो पाहू शकतो. प्रयोगशाळेत होते त्याचेच ते गावठी रूप आहे.

स्वच्छ करण्याचीही रीत आहे. तांब्याचा किंवा सोन्याच्या लेपाचा आरसा भांड्यासारखा घासायचा नाही. भिंगाच्या मऊ कागदावर शुद्ध अल्कोहोलचा किंवा अॅसिटोनचा थेंब टाकून तो कागद आरशावरून हलके ओढायचा, दाब न देता. चिंच आणि राख घरच्या तांब्यालाच शोभते. मॉलिब्डेनमचा आरसा तेवढा दणकट. तो थोडे रगडणे सोसतो. त्याचे शोषण तांब्याहून अधिक, सुमारे दोन टक्क्यांच्या आसपास असूनही धुराच्या यंत्रांत त्याला पसंती मिळते ती यामुळे. तापल्यावर तो तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी प्रसरण पावतो, हाही त्याचा गुण. कमी गिळणारा आरसा नेहमी चांगलाच असे नाही. गिळलेले पचविण्याची ताकद कोणाची किती, हेही पाहावे लागते.

लोखंडाचे पत्रे कापण्याच्या कामात या वायूच्या लेसरची जागा गेल्या काही वर्षांत काचतंतूच्या, एका मायक्रॉनच्या आसपासच्या लेसरने बरीचशी घेतली आहे. तेव्हा हा विषय आता जुना झाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या खिशातल्या नव्या फोनांतील अत्यंत बारीक नक्षीच्या विद्युतचकत्या ज्या प्रकाशाने छापल्या जातात, तो प्रकाश मिळविण्यासाठी वितळलेल्या कथिलाचे अतिसूक्ष्म थेंब, सेकंदाला सुमारे पन्नास हजार, या कार्बन डायऑक्साइड लेसरनेच उडवावे लागतात, आणि त्या लेसरची सरासरी शक्ती वीस हजार वॉटांच्या घरात असते. तिथे एका आरशाचा अर्धा टक्का म्हणजे शंभर वॉट. बारामतीच्या पटेलांनी काढलेली ती शलाका साठ वर्षांनंतरही रोजगारावर आहे.

आणि जिथे अर्धा टक्काही परवडत नाही अशी जागा आपल्याच महाराष्ट्रात उभी राहत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा बांधण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत १.०६४ मायक्रॉनांचा अवरक्त लेसर-प्रकाश आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत राहणार. अमेरिकेतील अशाच वेधशाळांत भुजेत साठलेली शक्ती लाखो वॉटांवर जाते. तिथे तांब्याचा आरसा बसविला तर त्यात कित्येक हजार वॉट जिरतील आणि मापनाचा बोजवाराच उडेल. म्हणून तिथले आरसे धातूचे नसतात. चाळीस किलोंच्या शुद्ध क्वार्ट्झसदृश काचेवर दोन प्रकारच्या ऑक्साइडांचे थरावर थर चढवून ते केलेले असतात. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश फिरतो आणि सगळे फेरे एका तालात मिळून जवळजवळ सगळाच प्रकाश परत जातो. त्यांचे शोषण दहा लाखांत एका भागाहूनही कमी.

इतके कमी शोषण मोजायला आमची चकती आणि थर्मोकपल पुरे पडत नाही. त्यासाठी एका शक्तिमान शलाकेने आरशाचा एक ठिपका किंचित तापवितात आणि दुसरी दुबळी शलाका त्याच ठिपक्यातून पाठवितात. ठिपका तापला की तेथील काचेचा वक्रीभवनांक अणुमात्र बदलतो, दुबळ्या शलाकेच्या लहरी तेवढ्याच अणुमात्र मागेपुढे होतात, आणि तो फरक यंत्र टिपते. पटक्यातल्या एका धाग्याचे वजन करण्याचा हा प्रकार आहे. तराजू बदलला, पण तोलायचे ते अजूनही राहिलेलेच.

वेळ झाल्याची घंटा अध्यक्षांनी दोनदा वाजविली आहे. मेजावर तांब्याचे दोन आरसे ठेवले आहेत, एक स्वच्छ आणि एक जळका डाग पडलेला. व्याख्यानानंतर ते जरूर पाहावेत. फक्त स्वच्छ आरशाला कृपा करून बोट लावू नये.